घरचा गल्ला, कंपनीचा गल्ला: आपल्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये गव्हर्नन्स आणि सीएसआर कसं आणायचं

माझे वडील, आण्णा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने बनवायचे. आधी लाकडाचे, नंतर ॲल्युमिनियमचे. काम एक नंबर, पण बिलाचे पैसे कधी हातात पडणार हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही. एक मोठी फौंड्री होती, नाव नको, तिथं बिल टाकलं की चार चार महिने "मालक बाहेरगावी आहेत, सोमवारी या" हेच चालायचं. आणि त्याच फौंड्रीचं गणपतीत मंडळाच्या कमानीवर नाव, शाळेत वह्यावाटप, पेपरात फोटो. आण्णा सोमवारी जाऊन रिकाम्या हातानं परत यायचे आणि मी त्याच फौंड्रीनं वाटलेल्या वह्या वापरून अभ्यास करायचे, हे मला अजून आठवतंय.

आता मी कंपनी सेक्रेटरीचं काम करते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित, इकडच्या एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांची रजिस्टरं आणि मिनिट बुकं माझ्या टेबलावरून जातात. इतकी वर्षं बघून एवढं कळलंय की त्या फौंड्रीकडं पैसे नव्हते असं नाही, त्यांचा क्रम चुकला होता. आधी घर आणि कंपनी वेगळी करायची, मग ज्यांचं देणं लागतो त्यांचं देऊन टाकायचं, मग समाजासाठी खर्च, म्हणजे सीएसआर, आणि हे सगळं चालू करायच्या आधीच आकडे मोजून ठेवायचे. याच क्रमानं सांगते.

हे मुख्यतः अशा घरांसाठी लिहितेय जिथं वडिलांनी स्वतः लेथवर उभं राहून कारखाना उभा केला, पुढं बँकेनं सांगितलं म्हणून किंवा मोठ्या पार्टीनं, म्हणजे आपला माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं, व्हेंडर कोड देताना विचारलं म्हणून प्रायव्हेट लिमिटेड केली, आणि आता मुलगा किंवा मुलगी शिकून आलीय आणि पार्टीच्या ऑडिटच्या फॉर्ममध्ये कोड ऑफ कंडक्ट आहे का, सीएसआर पॉलिसी आहे का, पर्यावरणाचा रिपोर्ट आहे का असले प्रश्न यायला लागलेत. अशा वेळी नेटवरनं कुणाची तरी पॉलिसी घेऊन वरचं नाव बदलून चिकटवणारे भरपूर बघितलेत, ऑडिटला आलेला माणूस फेटलिंगमधल्या (ओतलेला माल घासून साफ करायचा विभाग) पोराला दोन प्रश्न विचारतो आणि सगळं उघडं पडतं.

गव्हर्नन्स या शब्दाला घाबरू नका. १९९१ ला इंग्लंडमध्ये कॅडबरी कमिटी बसली होती, तिनं १९९२ च्या अहवालात साधी व्याख्या केली, की कंपनी ज्या पद्धतीनं चालवली जाते आणि जिच्यामुळं तिच्यावर ताबा राहतो ती पद्धत म्हणजे गव्हर्नन्स. उद्यमनगरच्या भाषेत सांगायचं तर सही कोण करतंय, कुणाला विचारून करतंय, आणि चुकलं तर ते कुणाला आणि किती दिवसात कळतंय.

पहिलं काम, गल्ला वेगळा

मागच्या वर्षाचं कंपनीचं बँक स्टेटमेंट प्रिंट काढा, पीडीएफवर नको, कागदावर. तीन रंगाचे पेन घ्या. घरचा खर्च एका रंगात, नातेवाईकांना किंवा त्यांच्या फर्मला गेलेले पैसे दुसऱ्या रंगात, आणि हे कशाचं आहे तेच आठवत नाही असं सगळं तिसऱ्या रंगात. एक रविवार जातो याला. पण मी ज्या ज्या घरात हे करून घेतलंय तिथं दुपारच्या जेवणापर्यंत सगळे गप्प झालेत, कारण फ्लॅटचा हप्ता, पोरांची फी, शेतातलं ड्रिप, पुतणीच्या लग्नाचा हॉल, सगळं त्यात असतं, आणि डायरेक्टर कर्ज या एका खात्यात ढकललेलं असतं.

हे नुसतं दिसायला वाईट आहे म्हणून सांगत नाही. प्रायव्हेट कंपनीनं दहा टक्के किंवा जास्त मतांचा हक्क असलेल्या शेअरहोल्डरला उसने पैसे दिले तर कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत आयकर कायदा ते लाभांश धरतो, म्हणजे तुम्ही उसने घेतले म्हणताय आणि त्यावर टॅक्स लागतोय. कंपनी कायद्याचं कलम १८५ पण डायरेक्टरला कर्ज देण्यावर बंधन घालतं. उलट्या बाजूनं, तुम्ही स्वतःचे पैसे कंपनीत घातले तर ते माझे स्वतःचे आहेत, कुणाकडून उसने घेऊन दिलेले नाहीत असं लेखी द्यावं लागतं, आणि कंपनीनं सरकारकडं भरायच्या डीपीटी-३ फॉर्ममध्ये ३० जूनपर्यंत ते दाखवावं लागतं.

उपाय साधा आहे, मालकानं पगार घ्यायचा. महिन्याला ठरलेला, बोर्डाच्या ठरावानं, टीडीएस कापून, आणि घर त्या पगारावर चालवायचं. जुन्या पिढीला हे जड जातं, "माझ्याच कंपनीत मी पगारी नोकर?" असं एका काकांनी मला विचारलं होतं. मी त्यांना म्हटलं, काका, कंपनी तुमची आहे पण कंपनीतले सगळे पैसे तुमचे नाहीत, त्यात बँकेचे आहेत, लोखंडवाल्याचे आहेत, कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे आहेत. त्यांना पटायला सहा महिने लागले, पण आता ते स्वतःच दुसऱ्यांना सांगतात.

दुसऱ्या रंगाचं काय करायचं. भावाचं ट्रान्सपोर्ट, वहिनींच्या नावावरच्या शेडचं भाडं, मेव्हण्याच्या मशीन शॉपला दिलेलं जॉबवर्क, हे सगळं रिलेटेड पार्टी. कायद्यानं याला बंदी नाही, कलम १८८ मुख्यतः हे बघतं की बोर्डासमोर आलंय का आणि दर बाजारासारखा आहे का. मग दर वर्षी पहिल्या बोर्ड मीटिंगला प्रत्येक डायरेक्टरनं एमबीपी-१ फॉर्म भरून आपला कुठं कुठं हितसंबंध आहे ते लिहून द्यायचं (हे तसंही सक्तीचं आहे), आणि त्या यादीतल्या प्रत्येक व्यवहाराला वर्षातनं एकदा बाहेरच्या माणसाचं एक कोटेशन घेऊन जोडायचं. दर जास्त असला तरी चालेल, कारण लिहा. प्रायव्हेट कंपनीत ज्याचा संबंध आहे तो डायरेक्टर सांगून मीटिंगला बसू शकतो, पण माझं ऐकाल तर त्या विषयापुरतं त्यानं बाहेर जाऊन चहा घ्यावा, बाकीच्यांना मोकळं बोलता येतं.

मी एक घर जवळून बघितलंय, दोघं सख्खे भाऊ, वडिलांच्या नावावर शेड. भाडं किती ते कधी लिहिलंच नाही, वडील असेपर्यंत गरजही पडली नाही. ते गेले आणि वारसात बहिणी आल्या, मोठा म्हणतो शेड कंपनीची, बहिणी म्हणतात आमचा पण हिस्सा, बँक म्हणते करार दाखवा. कारखाना चांगला चालत असताना बँकेची लिमिट, म्हणजे खेळत्या कर्जाची मर्यादा, रिन्यू व्हायला अडकली. अकरा महिन्यांचा एक साधा भाडेकरार वेळेवर झाला असता तर यातलं बरंच टळलं असतं.

बोर्ड मीटिंग, खरीखुरी

कायदा काय म्हणतो ते आधी. प्रायव्हेट कंपनीला वर्षाला कमीत कमी चार मीटिंगा, दोन मीटिंगांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, नोटीस सात दिवस आधी, मिनिट्स ३० दिवसात बुकात. छोट्या कंपनीला सवलत आहे, सहा महिन्यातनं एक मीटिंग आणि मध्ये कमीत कमी ९० दिवस. छोटी कंपनी कुणाला म्हणायचं ती मर्यादा सरकार बदलत असतं, त्यामुळं मागच्या वर्षी छोटी होतो म्हणून यावर्षी पण आहोत असं धरून चालू नका.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहीतच आहे, सप्टेंबर आला की चारही मीटिंगांची मिनिट्स एका दुपारी टाईप होतात आणि सह्यांसाठी घरी जातात. मी असं करून द्यायचं बंद केलंय आणि त्यापायी दोन-तीन कामं गेली पण. कारण त्या सह्या बहुतेक वेळा घरातल्या बायकांच्या असतात. आई डायरेक्टर, बायको डायरेक्टर, आणि त्यांना कागद वाचायला पण कुणी देत नाही, "इथं इथं सही कर" एवढंच. ताईंनो, वहिनींनो, कंपनीनं सलग तीन वर्षं हिशेब किंवा वार्षिक रिटर्न भरलं नाही तर कलम १६४ खाली तुम्ही पाच वर्षांसाठी डायरेक्टर व्हायला अपात्र ठरता, आणि घराबाहेर तुमचं स्वतःचं काही असेल तर ते पण अडकतं. वाचल्याशिवाय सही करू नका, आणि समजलं नाही तर समजेपर्यंत विचारा, हा तुमचा हक्क आहे.

मीटिंग घरी घेऊ नका. घरी मोठ्याचा शब्द शेवटचा असतो, मध्येच पाहुणे येतात, जेवणाची ताटं वाढली जातात. कारखान्याच्या ऑफिसमध्ये, सुट्टीच्या दिवशी, दीड तास. समोर एकच पान ठेवायचं आणि त्यावर विक्री, वसुली, रिजेक्शनचा टक्का, बँक लिमिट किती वापरली, ४५ दिवसांच्या वर कुणाकुणाचं बिल अडकलंय, पीएफ-ईएसआय-जीएसटी भरल्याच्या तारखा, आणि त्या तीन महिन्यात कुणाला इजा झाली का. इजेची ओळ सगळ्यात वर ठेवा असं मी सांगते, कारण ती खाली ठेवली की वेळ संपतो.

आणि बाहेरचा एक माणूस बसवा. प्रायव्हेट कंपनीला स्वतंत्र संचालक ठेवायची सक्ती नाही, लिस्टेड कंपनीला आहे, पण फायदा आपल्यासारख्यांना जास्त होतो. बँकेतून रिटायर झालेला क्रेडिट बघणारा मॅनेजर, किंवा मोठ्या कंपनीचं प्रॉडक्शन सांभाळलेला माणूस, ज्याचं तुमच्याकडं येणं-जाणं नाही आणि उधारीही नाही. त्याला मीटिंगचे पैसे द्या, फुकट बोलावलं तर तो फुकटचंच बोलेल.

पण नुसती मोठी नावं बसवून काही होत नाही हे पण तेवढंच खरं. सत्यम ही हैदराबादची सॉफ्टवेअर कंपनी आठवत असेल. बोर्डावर नावाजलेली माणसं होती, २००८ ला कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा पुरस्कार पण मिळाला होता, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या बोर्डानं मालकाच्या घरच्या दोन मेटास कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली. शेअरबाजार खवळला म्हणून व्यवहार मागं घेतला, आणि ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की हिशेबात हजारो कोटी फुगवलेत. मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की शेवटचा व्यवहार पण घर आणि कंपनी यांच्यामधलाच होता, म्हणजे आपल्या शेडच्या भाड्याचाच प्रकार, फक्त शून्यं जास्त.

अजून एक छोटं पण कामाचं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग चालू असणं सक्तीचं आहे, कुठली एंट्री कधी बदलली ते राहतं, आणि ऑडिटरला त्यावर लिहावं लागतं. तुमच्या अकाउंटंटला आजच विचारा चालू आहे का.

देणी आधी, देणग्या नंतर

हा भाग माझ्या जवळचा आहे त्यामुळं थोडं लांबेल.

तुमच्या क्रेडिटर्सची यादी काढा आणि प्रत्येकाला उद्यम नोंदणीचा (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) नंबर विचारा. पॅटर्नवाले, कोअर बनवून देणाऱ्या बायका, मशीनिंगवाले, टेम्पोवाले, पॅकिंगच्या खोक्यावाले. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसात आणि करार नसेल तर १५ दिवसात पैसे द्यायचेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, महिन्याच्या हिशेबानं चक्रवाढ. आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात ४३बी मध्ये एच हे पोटकलम आलं, त्यामुळं मुदतीत न दिलेल्या आणि वर्षअखेर बाकी राहिलेल्या बिलाचा खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, ज्या वर्षी द्याल त्या वर्षी मिळतो. ४५ दिवसांच्या वर अडकलेली बिलं असतील तर एमएसएमई-१ फॉर्म वर्षातनं दोनदा भरायचा, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत.

आमच्या वेळी हे काही नव्हतं. आता आहे, तरी लोक काय करतात, तर पुरवठादाराला सांगतात बिल पुढच्या तारखेचं दे. ते करायला लावू नका. त्यापेक्षा महिन्यातनं दोन तारखा ठरवा, समजा ७ आणि २२, त्या दिवशी ज्यांची मुदत भरली त्यांचं पेमेंट आपोआप सुटणार, मालक गावात असोत नसोत. त्याची पाटी स्टोअरच्या खिडकीवर लावा. सोमवारी या म्हणायची वेळ कुणावर येत नाही, आणि माझ्या एका क्लायंटकडं असं झालंय की आठवड्यातला निम्मा दिवस फोनवर जाणारा परचेसवाला पोरगा मोकळा झाला आणि त्यानं दर घासून घ्यायला सुरवात केली, कारण रोख वेळेवर मिळणार म्हटल्यावर पुरवठादार पण दोन पैसे कमी करतो.

मग कामगार. ठेकेदारामार्फत आलेल्या माणसाचा पीएफ ठेकेदारानं नाही भरला तर ती जबाबदारी शेवटी तुमच्यावरच येते, तेव्हा त्याचं बिल पास करताना चलन जोडलंय का ते बघा, आणि चलनातली नावं हजेरीशी लावून बघा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष बाई, एक सदस्य बाहेरची. सिलिकाची धूळ, तिच्यापायी फुप्फुस कायमचं खराब होतं आणि ते परत नीट होत नाही, तेव्हा शेकआउट (साचा फोडून माल काढायची जागा) आणि फेटलिंगला धूळ ओढणारी यंत्रणा आणि वर्षाला एकदा छातीची तपासणी हे पगाराइतकंच देणं आहे. जळलेली काळी वाळू रात्री ओढ्याच्या कडेला टाकली की पावसाळ्यात ती कुठं जाते सगळ्यांना माहीत आहे. पंचगंगेच्या नावानं आपणच सगळे हळहळतो.

यातलं काहीही सीएसआर नाही. कायदा स्पष्ट म्हणतो, दुसऱ्या कायद्यानं जे करायचंच आहे ते सीएसआर धरता येत नाही. मास्क वाटले आणि सीएसआरमध्ये लिहिले असा प्रकार मी ऑडिटमध्ये खोडलाय.

आता सीएसआर

आधी तुम्हाला लागू आहे का बघा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये तीन अटी घातल्या, आदल्या वर्षी नेट वर्थ (मालमत्तेतनं देणी वजा जाता उरतं ते) ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी लागली तरी आलात. आपल्याकडच्या चांगल्या चाललेल्या फौंड्र्या आणि सूतगिरण्या तिसऱ्या अटीत सापडतात. आणि हा नफा टॅक्सच्या आधीचा, कलम १९८ प्रमाणे काढलेला, त्यामुळं ताळेबंदातला खालचा आकडा बघून आपण बसत नाही म्हणू नका.

खर्च करायचा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के. समजा तीन वर्षांचा नफा ४, ५ आणि ६ कोटी. सरासरी ५ कोटी, त्याचे दोन टक्के म्हणजे १० लाख. रक्कम ५० लाखांच्या आत असली तर वेगळी सीएसआर कमिटी लागत नाही, ते काम बोर्ड करतं. पैसे वर्षात खर्च झाले नाहीत तर दोन वाटा. अनेक वर्षांचा प्रोजेक्ट ठरवलेला असेल तर ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात टाकायचे आणि पुढच्या तीन वर्षात संपवायचे, तसला प्रोजेक्ट नसेल तर ३० सप्टेंबरपर्यंत कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये (सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांची यादी) नाव असलेल्या फंडाला, पीएम केअर्स वगैरे. नाहीतर दंड, कंपनीला थकलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी यातलं जे कमी ते.

सीएसआरचा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळत नाही, आणि त्या बिलांवरच्या जीएसटीचं क्रेडिट पण २०२३ पासून बंद आहे. १० लाख ठरवताना हे धरून चाला.

काय करायचं हे ठरवताना माझी एक पद्धत आहे. कारखान्याच्या गेटवर उभं राहायचं आणि विचारायचं, इथनं काय बाहेर जातं, कोण आत येतं, आणि आपण उद्या बंद झालो तर कुणाचं अडेल. यातनं जी गावं आणि जी माणसं समोर येतात तिथनं सुरवात करायची. कायद्यात पण कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितलंच आहे.

पुराचंच घ्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा, ४३ फुटाला धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण पाठ आहेत. २०१९ ला आणि परत २०२१ ला हायवेवर पाणी आलं, शिरोलीजवळ वाहतूक बंद, निम्मी माणसं चिखली, आंबेवाडी, शिरोळकडं अडकलेली. माल तयार असून गाडी निघत नाही, आणि ज्याचं घर पाण्यात त्याला तुम्ही कामावर ये कसं म्हणणार. पुराची तयारी हा सीएसआर म्हणून चालतो, आपत्ती व्यवस्थापन २०१९ पासून परिशिष्ट सातमध्ये आहे. पण इथं एक गोम आहे, फक्त आपल्याच कामगारांच्या घरांना मदत केली तर ते सीएसआर धरत नाहीत, गावाला करावं लागतं. मग गावासाठी बोट, लाईफ जॅकेट, जनावरांच्या चाऱ्याची सोय, उंचावरच्या शाळेत संडास आणि पाण्याची टाकी, असं करा. त्यात तुमचे कामगार येतातच. आणि ही खरेदी एप्रिल-मेमध्ये करा, ऑगस्टमध्ये पाणी चढल्यावर बिस्किटाचे पुडे घेऊन जायला सगळेच असतात.

दुसरं तालमीचं. प्रत्येक मालकाला कुस्तीची आवड, आणि पहिला विचार मैदान भरवायचा येतो. एकदाच होणारा कार्यक्रम, त्यावर कंपनीचा बॅनर, ती जाहिरात झाली, सीएसआर नाही. पण ग्रामीण खेळ आणि ऑलिंपिकमधल्या खेळांचं प्रशिक्षण परिशिष्टात आहे. म्हणजे तालमीतल्या गरीब घरच्या पोरांचा वर्षभराचा खुराक आणि वस्तादांचं मानधन नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत, प्रशिक्षण म्हणून दिलं तर बसतं. राधानगरी तालुक्यातला स्वप्निल कुसाळे २०२४ ला पॅरिसहून नेमबाजीचं कांस्य घेऊन आला, असल्या मागं वर्षानुवर्षांचा खर्च असतो, एका मैदानाचा नाही. मंडळाची वर्गणी, राजकीय पक्षाची देणगी, दिवाळीचा फराळ, हे सगळं मालकानं स्वतःच्या पगारातनं खुशाल करावं.

संस्थेमार्फत करणार असाल तर तिचा सीएसआर-१ नोंदणी नंबर, १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या, आणि तीन वर्षांचं अशाच कामाचं रेकॉर्ड बघा. आणि स्वतः जाऊन बघा, फोनवर नाही. विकत घेतलेली वस्तू कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही, शाळेचा फिल्टर शाळेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नावावर जातो, मग दोन वर्षांनी त्याची कँडल कोण बदलणार ते आधीच लिहून घ्या, नाहीतर उद्घाटनानंतर सहा महिन्यात तो बंद पडलेला मी स्वतः बघितलाय, एकापेक्षा जास्त शाळांत. आणि चेक द्या, कमिशन कापून रोख परत देतो असं सांगणारे ट्रस्टवाले तुमच्याकडं येतील. त्यांना चहा पण देऊ नका. तो गुन्हा आहे आणि सही तुमची असते, पैसे ठरल्याप्रमाणं वापरले गेले हे बोर्डाला बघावं लागतं आणि फायनान्स बघणाऱ्यानं तसं प्रमाणित करावं लागतं.

लागू नाही अशा छोट्या कंपनीनं काय करायचं? वर्षाला ठरलेली छोटी रक्कम, एक गाव, एक काम, आणि तीन वर्षं तेच. दर वर्षी नवीन काही शोधू नका.

यानं कंपनीला फायदा होतो का, आणि तो मोजायचा कसा

हा प्रश्न जुना आहे. १९७० ला मिल्टन फ्रीडमन म्हणाले की धंद्याची जबाबदारी नियमात राहून नफा वाढवणं एवढीच. त्यानंतर शेकडो अभ्यास झाले. २००३ ला ५२ अभ्यास एकत्र करून बघितलेल्या एका संशोधनात सामाजिक कामगिरी आणि आर्थिक कामगिरी बरोबर चालतात असं दिसलं, पण पर्यावरणाच्या कामात तो संबंध जरा कमी दिसला. त्याआधी १९९७ च्या एका अभ्यासानं दोन्ही बाजू दाखवल्या, ज्यांच्याकडं पैसा शिल्लक असतो ते समाजासाठी जास्त करतात, आणि ज्यांचं व्यवस्थापन चांगलं त्यांची समाजाशी वागणूक पण चांगली. म्हणजे सीएसआर केला म्हणून नफा झाला असं डोळे झाकून म्हणता येत नाही. आणि आपल्याकडं दोन टक्क्यांची सक्ती आल्यावर आधी स्वखुशीनं जास्त देणाऱ्या काही मोठ्या कंपन्या दोन टक्क्यांकडं खाली आल्या असं पण अभ्यासात दिसलंय, म्हणून माझं म्हणणं आहे की टक्केवारीत अडकू नका.

मोठ्या कंपन्यांसाठी शेअरचा भाव, टोबिन्स क्यू (कंपनीची बाजारातली किंमत तिच्या मालमत्तेच्या किमतीच्या किती पट) असली मापं असतात. आपल्याला शेअरचा भावच नाही. मग आपली मापं शॉप फ्लोअरवरची घ्या. आरओसीई तर काढाच, म्हणजे धंद्यात अडकलेल्या १०० रुपयांवर व्याज आणि टॅक्सच्या आधी किती सुटले. त्याच्या जोडीला रिजेक्शनचा टक्का, सोमवारची आणि पगाराच्या दुसऱ्या दिवसाची गैरहजेरी, वर्षात किती माणसं सोडून गेली, बँकेचा व्याजदर आणि रेटिंग, पार्टीच्या ऑडिटचे मार्क. एवढं पुरे.

यात चूक कुठं होते, तर लोक काम चालू केल्यावर मोजायला लागतात. आधीची दोन वर्षं काढून ठेवा, जुन्या हजेरीच्या वह्या फेकू नका. आणि एकदम सगळीकडं करू नका, धूळ ओढायची यंत्रणा आधी एका लाईनला बसवली तर दुसऱ्या लाईनशी गैरहजेरी आणि रिजेक्शन लावून बघता येतं. नाहीतर त्या वर्षी ट्रॅक्टरची मागणी वाढली, नफा वाढला, आणि आपण म्हणणार शाळेला बाकं दिली म्हणून झालं. गावातल्या कामाचा परिणाम दिसायला दोन-तीन वर्षं जातात, पुरवठादाराला वेळेवर पैसे दिल्याचा मात्र दोन तिमाहीतच दिसतो, पॅटर्न वेळेत येतो, सॅम्पल वेळेत जातं. ज्या मालकांना हे सगळं पटत नाही त्यांना मी फक्त ७ आणि २२ तारखेचं करून बघा म्हणते.

सुरवात करायला पुढच्या मीटिंगची विषयपत्रिका अशी टाका: डायरेक्टरांचे एमबीपी-१, डायरेक्टरांचा मासिक पगार, ४५ दिवसांवरची बिलं आणि पेमेंटच्या दोन तारखा, मागच्या दोन वर्षांचे रिजेक्शन आणि गैरहजेरीचे आकडे, कलम १३५ लागू आहे का याचं गणित, आणि शेडच्या भाड्याचा करार. नोटीस सात दिवस आधी, सगळ्यांना लेखी, आईला पण.